तिसरा पडदा, जरा ताणलेला

पहिल्या दिवशी मी अकरा पानं घेऊन गेले होते,
सदरच्या सायबर कॅफेतली, दोन रुपये पान.
सहा रेघा, रेघांवर आकडे
शून्य, तीन, पाच, पुन्हा तीन,
कुणाचा तरी फोन नंबर असावा तसे.
वरची रेघ म्हणजे खालची तार,
एवढं उलटं जग सुलटं करून घ्यायला मला
अख्खा एप्रिल लागला होता.

सायमन लोखंडे मास्तरांनी पानं हातातही घेतली नाहीत.
मोहननगरातली मागची खोली,
बाहेर सत्तेचाळीस,
कूलरनं एका झोतात अकराच्या अकरा उडवली,
तीन खाटेखाली, एक बादलीत.
"राहू दे न," मास्तर म्हणाले,
"कागदाले कान असते का वं?
हा कूलर कोन्त्या सुरात बोलते, ते सांग पहिले."

मला वाटलं, थट्टा.
पाऊण तास मी जाड तारेवर बोट सरकवत राहिले,
परक्या घरात, अंधारात, बटण चाचपडावं तसं.
सहावी तार. तिसरा पडदा.
"जरा ताण. अजून. हं."
आणि दोन आवाजांमधली ती थरथर
विरून गेली.
खोलीत कूलर उरला नाही, मी उरले नाही.
मग लाइट गेली.

तरी पानं टाकली नाहीत मी.
बादलीतलं वाळवलं, इस्त्री फिरवली त्यावर.
आमच्या घरात गाणं नव्हतं. शिलाई मशीन होतं.
आई मापांच्या वहीवरून शिवायची
न पाहिलेल्या बायकांची पोलकी,
छाती चौतीस, बाही नऊ,
आणि ती बसायची.
आकड्यांतून अंग उभं राहतं हे
मी पाळण्यातून पाहिलेलं.
मास्तरांना सांगितलं तर खूप हसले.
"बसते न. पण घामात कुठं काचते,
थे लिहिते का वहीत तुही माय?"

मोतीबागेच्या कारखान्यात
एकतीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारला त्यांनी.
आधी कोकिळा गेल्या,
मग पहिली तार,
मग दाराची बेल,
मग मी.

गेल्या मे महिन्यात एस्तर काकूंनी बोलावून घेतलं.
मास्तर गिटार घेऊनच बसलेले.
"लिहून घे," म्हणाले. "तुह्या त्या रेघांमध्ये."
रात्रपाळीत सुचलेली एक धून,
नाव नसलेली, काकूंशिवाय कुणी न ऐकलेली.
लाइटबिलाच्या पाठीवर मी पट्टीनं सहा रेघा मारल्या.
ते वाजवत गेले, मी मोजत गेले,
आणि पाच आणि सात यांच्या मध्ये
ते कुठेतरी गेले
जे सहा नव्हतं.
मी एक तिरकी रेघ ओढली. खोडली.
पुन्हा ओढली.
"काय लिहिलं?"
"तिरकी रेघ," मी ओरडून सांगितलं.
"बस? तिथं तीन वर्सं होतो मी."

मग चष्मा लावून त्यांनी बिल गुडघ्यावर ठेवलं,
गिटारच्या खांद्यावर जबडा टेकवला,
हाडातून काही पोचतं म्हणाले,
आणि ओठ हलवत, एकेक बोट शोधत,
स्वतःचीच धून वाचू लागले.
शून्य. तीन. पाच.
एप्रिलमधल्या माझ्यासारखे.
उलट्या रेघेवर अडले तेव्हा
मी बोट धरून खाली आणलं.

निघताना विचारलं त्यांनी,
"कूलर चालू आहे का वं?"
मी त्यांचा तळवा कूलरच्या थरथरत्या पत्र्यावर ठेवला.
थोडा वेळ तसेच राहिले.
मग घशातल्या घशात एक सूर धरला.

सहावी तार, तिसरा पडदा,
ताणलेला मात्र नव्हता.
व्होल्टेज उतरलं होतं की मास्तर,
ते बघायला गिटार हातात होती माझ्या.
मी तार छेडली नाही.